बाजीला ईपीआय निघालंय, रोजचं कसं सांभाळता? सल्ला हवाय

कृष्णाकाठची

नमस्कार. आम्ही कराडला राहतो. आमचा बाजी, जर्मन शेफर्ड, सव्वादोन वर्षांचा. परवा त्याचा रिपोर्ट आला, ईपीआय आहे. म्हणजे स्वादुपिंडातून अन्न पचवणारे रसच येत नाहीत. औषध आयुष्यभर लागणार असं डॉक्टर म्हणाले.

दिवाळीत २९ किलो होता, आता साडेएकवीस. खात नाही म्हणावं तर तसंही नाही. दोन माणसांचं जेवण एकटा संपवतो आणि भांडं चाटून परत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. पोटातली गुडगुड शेजारच्या खोलीत ऐकू येते. शी दिवसातून पाच-सहा वेळा, पिवळट, ढीगभर, तेलकट. लिहायला जड जातंय, पण तीसुद्धा खायला जातो. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येतात. फिरायला नेलं की लोक तोंडावर म्हणतात, "पाळलंय तर पोटभर घालत तरी जा." ते ऐकून सासूबाई रडल्या.

जंताचं औषध तीनदा झालं. जुलाबाच्या गोळ्यांनी आठ दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. यात पाच महिने गेले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी टीएलआय नावाची रक्ततपासणी करायला लावली. रात्रभर उपाशी ठेवून रक्त घेतलं, नमुना बाहेरगावी गेला. आकडा आला १.१. अडीचच्या खाली म्हणजे नक्कीच, म्हणाले. बी-१२ पण फार कमी आहे.

आता अन्नात घालायच्या पॅनक्रिएटिनच्या, म्हणजे अन्न पचवणाऱ्या एन्झाईमच्या, कॅप्सूल आणि आठवड्याला बी-१२ चं इंजेक्शन लिहून दिलंय. डॉक्टर चांगले आहेत, फोनही उचलतात. पण रोज घरात हे करणाऱ्या कुणाशी तरी बोलायचंय. कॅप्सूल कशी देता? आमच्याकडे सगळ्यांबरोबर तोही भाकरी खातो, ती बंद करायची का? आणि ज्यांच्याकडून पिल्लू आणलं ते मेटिंगसाठी बाजीला मागतायत. काय सांगू?

सदाफुली

ताई, आधी एक सांगते. तुम्ही त्याला उपाशी ठेवलेलं नाही. पोट भरत होतं, अंगी लागत नव्हतं. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा.

आमची शेफर्ड मुलगी तीन वर्षांची असताना तिला हेच निघालं. आता नऊ वर्षांची आहे आणि जिना धावत चढते. पुण्यात असतो आम्ही.

कॅप्सूल अख्खी गिळवू नका. उघडून आतले दाणे अन्नावर टाकायचे. अन्न गरम नको, बोट घालून बघा, कोमट लागलं पाहिजे. गरमात एन्झाईम मरतं. आणि अन्न कोरडं नको, अर्धी-पाऊण वाटी कोमट पाणी घालून सगळं ओलं करा आणि तळापर्यंत कालवा, वरवर नाही. मी भात हाताने कुस्करते, चिकन बारीक तोडते, दाणे टाकते आणि लाकडी चमच्याने ढवळते. पंधरा मिनिटं झाकून ठेवते. तेवढ्या वेळात ती पायाशी बसून भांड्याकडे बघत असते.

जेवण दोन नाही, तीन वेळा करा, थोडं थोडं. सुरुवातीला खूप घालावंसं वाटतं कारण तो मागतच राहतो, पण एका वेळी डोंगर घातला की पुन्हा जुलाब.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: औषधाशिवाय एक घास नाही. बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, शेजाऱ्यांचं काही नाही. आमच्या पहिल्या वर्षातली प्रत्येक बिघाडाची वेळ मागे जाऊन शोधली तर कुणीतरी काहीतरी भरवलेलं असायचं.

एक वही करा. रोजची शी कशी, किती वेळा, काय खाल्लं, आणि दर रविवारी वजन. काटा साधा असेल तर आधी तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग त्याला उचलून. डॉक्टरांना या वहीचा उपयोग कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा जास्त होतो.

खर्चाचं खरं सांगते. आमचा कॅप्सूलचाच महिन्याला सात हजारांच्या आसपास जातो. वजन भरून आलं आणि शी बांधून यायला लागली की डॉक्टर हळूहळू मात्रा कमी करून बघतात. आमची जवळपास एक तृतीयांशाने कमी झाली.

माळरान

आमच्याकडे पोट बिघडलं की कुत्र्याला पपई देतात, ताकात हिंग आणि ठेचलेला लसूण घालूनही देतात. पपईत पचवणारं एन्झाईम असतंच की. गोळ्यांवर इतका खर्च करण्याआधी महिनाभर करून बघायला काय हरकत आहे? बिचाऱ्याला लवकर बरं वाटो.

गुरांचा डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. बाजीला तपासलेलं नाही, म्हणून त्याच्या मात्रेबद्दल बोलणार नाही. ती त्याचे डॉक्टरच ठरवतील. बाकीचं लिहितो.

माळरान, तुमची कळकळ समजते. पण पपईतलं पपेन फक्त प्रथिनं तोडतं. बाजीची मुख्य अडचण चरबीची आहे, ती तोडायला लागतं लायपेज नावाचं एन्झाईम, पपईवर ते काम भागत नाही. आणि लसूण-कांदा कुत्र्याला अजिबात देऊ नका, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्या जनावराचं वजन पाऊण राहिलंय त्याच्याकडे वाट बघायला महिना नाही.

शेफर्डमध्ये या आजाराचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या रस तयार करणाऱ्या पेशी खाऊन टाकते. साधारण नव्वद टक्के काम बंद पडेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे "आधी का कळलं नाही" म्हणून स्वतःला बोल लावू नका. इन्सुलिन बनवणारा भाग बहुतेक वेळा शाबूत राहतो, म्हणून मधुमेह होईलच असं नाही.

बी-१२ कडे दुर्लक्ष करू नका. ते कमी राहिलं तर एन्झाईम देऊनही वजन चढत नाही, भूकसुद्धा जाते. सहसा आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं, मग महिन्याने एक, आणि नंतर पुन्हा रक्त तपासतात. रोजची बी-१२ ची गोळीही कुत्र्यांत उपयोगी पडते. दर आठवड्याला दवाखाना जमत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

कॅप्सूलबद्दल: कालवून पंधरा मिनिटं ठेवण्याने बिघडत काही नाही, पण ते आवश्यक आहे असं दिसलेलं नाही. नीट ओलं होणं आवश्यक. हिरड्यांतून किंवा तोंडातून रक्त दिसलं तर घाबरू नका, मात्रा जास्त झाल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हाताळल्यावर हात धुवा, पूड नाकात जाऊ देऊ नका. ही औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, घरात कुणाला त्याची अडचण असेल तर आधीच बोलून घ्या. बाहेरच्या देशांत काही जण कच्चं स्वादुपिंडच खाऊ घालतात. आपल्याकडे त्या वाटेला जाऊ नका, जंतूंचा धोका मोठा आहे.

भाकरी: ज्वारी-बाजरीत चोथा जास्त, तो एन्झाईमच्या कामात आडवा येतो. सध्या बंद. मऊ भात, चिकन किंवा अंडं, नाहीतर पचायला हलकं तयार खाद्य. चरबी पूर्ण तोडू नका, वजन वाढायला ती हवीच. फक्त वरून तूप ओतू नका. कायम घरचंच देणार असाल तर कॅल्शियम वगैरेचा हिशोब डॉक्टरांकडून करून घ्या, नुसत्या भात-चिकनवर वर्ष काढू नका.

एन्झाईम आणि बी-१२ दोन्ही नीट चालू असून दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर आतड्यात जंतूंचा असमतोल किंवा जोडीला आतड्याचा दुसरा आजार आहे का ते बघावं लागेल. तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं. घरात उरलेल्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला हायवेने सरळ आहे, दुसरं मत हवं असेल तर तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट घेऊन जा.

मेटिंगला स्पष्ट नाही म्हणा. शेफर्डमध्ये हा आजार वंशात चालतो. उलट त्या गृहस्थांना कळवा, म्हणजे बाजीच्या भावंडांपैकी कुणी असंच वाळत असेल तर त्यांचे पाच महिने वाचतील.

बे एरियाकर

माझ्या कुत्र्याला इथे डॉक्टर पूड लिहून देतात, कॅप्सूल नाही. भातावर टाकून जरा वेळ ठेवली की भात पेजेसारखा पातळ होतो, एन्झाईम डोळ्यांसमोर काम करताना दिसतं. पुडीचा डबा घट्ट बंद आणि कोरड्या जागी ठेवावा लागतो. कराडच्या पावसाळ्यात कॅप्सूलचीही तीच काळजी घ्या. आणि दोन आठवड्यांचा साठा कायम शिल्लक ठेवा. एकदा माझं पार्सल अडकलं आणि चार दिवसांत दीड किलो गेलं.

कृष्णाकाठची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं घरात. सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं. मेटिंगला नाही म्हणून कळवलं, आणि त्यांना आजाराचंही सांगितलं. त्यांच्याकडे ठेवलेल्या बाजीच्या बहिणीची शी अशीच आहे म्हणे. टीएलआय करायला लावलंय.

(तीन आठवड्यांनी)

पाचव्या दिवशी पहिल्यांदा शी बांधून आली. मी अंगणात उभी राहून नवऱ्याला हाक मारली, दोघं बघत उभे होतो. वजन पहिल्या पंधरा दिवसांत २२.८. आणि मग परवापासून पुन्हा पिवळी, पुन्हा गुडगुड. औषध चुकलेलं नाही, वही तपासली. डॉक्टरांकडे जायच्या आधी इथे विचारतेय, काय सुटत असेल?

सदाफुली

ताई, घरातल्या प्रत्येकाला एकेकट्याला विचारा. रागावू नका, नुसतं विचारा.

कृष्णाकाठची

आबा. सकाळच्या चहाला दोन ग्लुकोज बिस्किटं, एक स्वतःला, एक बाजीला. तो पिल्लू होता तेव्हापासून चाललंय. त्यांना ते खाणं वाटतच नव्हतं, म्हणून मी बजावलं तेव्हा त्यांच्या डोक्यातही आलं नाही. विचारल्यावर त्यांचा चेहरा पडला. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले बाकी काही बदलू नका, बिस्किट बंद करून चार दिवस बघा.

आता सकाळचं भांडं आबाच कालवतात. चहा घेऊन ओट्यापाशी बसतात, कॅप्सूल मोडून दाणे टाकतात, चमचा तळापर्यंत जातो की नाही ते वाकून बघतात. चौथ्या दिवशी शी पूर्वपदावर.

गुरांचा डॉक्टर

छान. मग अँटिबायोटिकची गरज दिसत नाही. वजन लिहीत राहा.

माळरान

लसणाचं मला माहीत नव्हतं. आमच्या मळ्यावरच्या कुत्र्याला आम्ही वर्षानुवर्षं देत आलो. बंद केला. बाजीचं वाचून बरं वाटलं.

कृष्णाकाठची

(जूनअखेर)

२६.४ किलो. सहा इंजेक्शनं झाली, महिन्याचंही झालं, बी-१२ आता ठीक आहे, गोळीवर आलोय. शी दिवसातून दोनदा. केस चमकायला लागलेत. स्वतःची शी खाणं आपोआप थांबलं. कॅप्सूलची मात्रा डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात कमी करून बघू म्हटलंय.

बहिणीचा रिपोर्टही आला, तिलाही हेच आहे. तिला सांभाळणाऱ्या ताईंना हा धागा पाठवलाय. त्या साताऱ्याच्या आहेत, इथे येऊन विचारतील. कॅप्सूल पावसाळ्यात कशी ठेवायची ते मी सांगितलंय: तांदळाच्या डब्यात नाही, फ्रिजमध्ये नाही, घट्ट झाकणाच्या बरणीत, कपाटात वरच्या फळीवर.