चर्चला कुलूप लागलं तेव्हा श्रद्धा कुठं होती?

शाहूपुरीचा पोरगा
परवा उपासनेनंतर चहाला जुना वाद निघाला. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "कोरोनात सरकारनं सांगितलं आणि आपण मुकाट कुलूप लावलं. देशावर संकट आलं की ख्रिस्ती माणसानं गुडघे टेकायचे की घरात दडायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला जमलं नाही.

१२ एप्रिल २०२०, ईस्टर. पप्पांनी पहाटे इस्त्रीचा कोट चढवला, बूट घातले आणि मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून समोर बसले. पाळकसाहेबांचा आवाज सारखा अडकायचा. गीताला आम्ही तिघंच. खालच्या काकूंनी खिडकी लावून घेतली (आमचे सूर ऐकले असते तर तुम्हीही लावली असती). आई मात्र दर रविवारी अर्पणाचे पैसे चहाच्या डब्यात टाकायची. एक रविवार चुकला नाही. माझ्या मते श्रद्धा त्या डब्यात होती. 'विश्वास असला की काही होत नाही' म्हणत एका खोलीत वीस माणसं कोंबून प्रार्थना घेणाऱ्यांकडं नव्हती.

बावडेकर जॉनी
जय ख्रिस्त भावा. डबा लई भारी, पण तुझ्या घरी आई होती. माझ्या घरी दोन महिने मोबाईलवर उपासना, मग अंथरुणातून, मग बंदच. थोरला भाऊ अजून चर्चची पायरी चढलेला नाही. एकत्र मिळणं सोडू नका, असं बायबलात इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात उगीच लिहिलंय का? दारूची दुकानं मे २०२० मध्ये उघडली, आपल्या राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला. यावर कुणी बोललं का आपल्यातलं?

आणि लांब कशाला, आपल्या कोल्हापूरजवळचं वळिवडे बघ. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-पोरं. १९४० पासून रशियानं सायबेरियाकडं हाकललेली, मग इराणमार्गे इथं आलेली. देशच हातचा गेलेला. त्या छावणीत त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभं केलं, सण पाळले. एकेकटी आपापल्या खोलीत बसली असती तर काय उरलं असतं?

मिरजेची सून
जॉनीदादा, पोलिश लोक जमले म्हणून शेजारचा मरत नव्हता. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

मी नर्स आहे. दुसऱ्या लाटेत आमचे मामंजी गेले. कबरीपाशी पीपीई घातलेली चार माणसं, आम्ही फाटकाबाहेर, आणि गीत फोनच्या स्पीकरवर. त्याच आठवड्यात स्तोत्र ९१ चे मेसेज धडाधड येत होते, की मरी तुमच्या डेऱ्याजवळ येणार नाही. मग मामंजींचा विश्वास कमी पडला म्हणायचा का? याच स्तोत्रातलं वचन सैतानानं येशूला ऐकवलं होतं, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक म्हणून. येशूनं टाकली नाही. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन लूथर रोग्यांसाठी गावातच राहिला. पण त्यानंच लिहिलंय की औषध घ्या, घराला धुरी द्या, आणि गरज नसेल तिथं जाऊ नका.

तालमीचा गडी
मी ख्रिस्ती नाही, मध्येच बोलतो, राग मानू नका. लॉकडाऊनमध्ये जेवणाचे डबे आमच्या तालमीच्या पोरांनीबी वाटले, २०१९ च्या पुरात तर गळ्याएवढ्या पाण्यात उतरली. मास्क लावणं, घरी बसणं, मदत करणं हीच श्रद्धा असंल तर त्यात तुमचं वेगळं काय?

मिरजेची सून
मदतीत वेगळं काही नाही, खरंच नाही. पण रात्री ड्यूटीवरून आल्यावर मी कुणाशी भांडायचे, ते वेगळं होतं.

बावडेकर जॉनी
ताई, मामंजींचं वाचून वाईट वाटलं. सैतानानं म्हटलं म्हणून मी ९१ वं स्तोत्र सोडणार नाही, पण ते मेसेज पुढं पाठवणाऱ्यांत मीही होतो. नोव्हेंबरचा मुद्दा मात्र सोडत नाही. कुलूप लावणं वेगळं, उघडायची घाई नसणं वेगळं.

शाहूपुरीचा पोरगा
आईला सगळा धागा वाचून दाखवला. म्हणाली, "श्रद्धा कसली रे डब्यात? बाहेर ठेवले असते तर तुझ्या पप्पांनी खर्चले असते. मी चर्च कधी उघडतंय ते बघत होते." म्हणजे आमची आई जॉनीच्या पार्टीतली निघाली.