मदत हवी आहे: ग्लुटाथायोनायलेशनच्या (प्रथिनाच्या सिस्टीनला ग्लुटाथायोन, म्हणजे जीएसएच, डायसल्फाइड बंधाने जोडलं जाणं) ब्लॉटमध्ये कंट्रोल लेनही काळी

मंडळी, हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) १ मिलीमोलर डायअमाइड (थायॉल, म्हणजे सिस्टीनचे -SH गट, ऑक्सिडाइझ करणारं रसायन) १० मिनिटं देऊन अँटी-जीएसएच अँटिबॉडीने नॉन-रिड्यूसिंग (डायसल्फाइड न तोडता केलेला) ब्लॉट करतोय. ४२ केडीएजवळ (अ‍ॅक्टिनच असावं) ठळक पट्टा येतो, पण डायअमाइड न दिलेल्या लेनमध्येही तेवढाच! डीटीटी (डायसल्फाइड तोडणारं रसायन) घातलं की दोन्हीकडचा जातो. म्हणजे डायसल्फाइड खरं, पण ते पेशीतलं की लायसिसनंतर (पेशी फोडल्यावर) जुळलेलं, हे त्यावरून ठरत नाही. २५ मिलीमोलर एनईएम (मोकळे थायॉल झाकून टाकणारं रसायन) फक्त लायसिस बफरमध्ये आहे, पीएच ७.४, वाढवला तर एनईएम लायसिन या अमिनो आम्लालाही चिकटतं. पेशी फोडण्याआधीच पीबीएसमध्ये एनईएम द्यावं का? किती, किती मिनिटं? की सरळ टीसीएने (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल) आम्ल करून थायॉल गोठवावेत?