सरपण फोडायला सगळ्यात जड कुऱ्हाड घ्या? साफ चूक!

ओंडका
परवा इथे एकांनी लिहिलं, "जळाऊ लाकूड फोडायला मिळेल ती सगळ्यात जड कुऱ्हाड उचला, धारबिर बघत बसू नका, वजनच काम करतं." खाली लगेच 'अगदी बरोबर'ची रांग लागली. राहवलं नाही म्हणून नवा धागा काढतोय.

हाच सल्ला ऐकून मी पहिल्या वर्षी ४ किलोचं धूड आणलं. पहिले दहा घाव झकास बसले. विसाव्याला खांदे भरून आले आणि तिसाव्याला घाव कुठे पडतोय यावर ताबाच राहिला नाही. ओंडक्याची कड चुकून पातं माझ्या बुटापासून चार बोटांवर मातीत घुसलं. आता सव्वादोन किलोची वापरतो, तासभर सलग चालते.

बघायचं असतं ते पात्याचे गाल. तोडायची कुऱ्हाड पातळ, ती तंतू कापते. फोडायचीचे गाल पाचरीसारखे फुगीर हवेत, तंतू दोन्हीकडे रेटायला. पातळ कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसते आणि अर्धा वेळ ती हलवून काढण्यातच जातो. धार लागत नाही म्हणणाऱ्यांनी वाळलेल्या लाकडावर बोथट पातं मारून बघावं, कसं उसळून तिरकं सटकतं ते! दाढी करण्याइतकी धार नको, पण ३०-३५ अंशांची नीट कड पाहिजेच.

जुना_खिळा
ती पोस्ट माझीच आहे, नाव घेऊन बोला की. बावीस वर्षं लाकडं फोडतोय मी. तुमची सव्वादोन किलोची सरळ तंतूच्या लाकडाला ठीक आहे, गाठी असलेला निलगिरीचा बुंधा, तोही वाळलेला, आणा आणि मारा त्याच्यावर. टकाटक उडेल नुसती. माझ्या जड कुऱ्हाडीचा मागचा माथा घणासारखा आहे, ओंडका हटून बसला की लोखंडी पाचर लावून त्याच माथ्याने ठोकतो. एका हत्यारात दोन कामं.

रानवाट
काका, वाळलेली निलगिरी फोडायला घेणं हीच मुळात चूक. ती ओली असतानाच फोडायची असते, वाळली की दगड होते. हत्याराला कशाला बोल लावताय? आणि वजन दुप्पट केलं तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. शाळेतलं गणित आहे. हलकी कुऱ्हाड वेगात फिरते म्हणून ती जिंकते.

जुना_खिळा
गणित मलाही येतं. निम्म्या वजनाची कुऱ्हाड घेतली म्हणून माणसाचा हात दुप्पट वेगाने फिरतो का? जोर शेवटी खांद्यातूनच येणार ना. एकदा स्वतः फिरवून बघा आणि मग चौपट सांगा.

ओंडका
रानवाट, इथे त्यांचं बरोबर आहे, दुप्पट वेग कुणालाच जमत नाही. पाचर ठोकायला तसा माथा लागतो हेही मान्य. पण ते वाचून कुणी साध्या कुऱ्हाडीच्या माथ्यावर घण घालू नका, नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, फाकतं आणि लोखंडाचे कपचे उडतात, थेट डोळ्यात जाऊ शकतात.

चिरफळी
पात्यावरून भांडताय सगळे, दांड्याचं कोणी बोलतच नाही! माझ्या वडिलांच्या कुऱ्हाडीचं डोकं भर घावात निसटून त्यांच्या मागच्या भिंतीवर आदळलं होतं, आम्ही मुलं तिथून नुकतीच उठलेलो. आवाज अजून कानात आहे. दांडा ढिला झाला की रात्रभर पाण्यात ठेवायची सवय होती घरात, सकाळी घट्ट.

निळी_पेन्सिल
तेच तर कारण! पाण्याने लाकूड फुगतं, नेढ्यात जागा नसते म्हणून आतले तंतू चेचले जातात, वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला. म्हणून सांगते, फायबरग्लासचा दांडा घ्या आणि सुटा. आकसत नाही, कुजत नाही.

चिरफळी
ताई, वडिलांची चूक होती असं म्हणायचंय का तुम्हाला? त्या काळी सगळेच तसं करायचे. आणि तुमचा फायबरग्लास मोडला की काय? लाकडी दांडा मी घरी बसवते, तो फेकूनच द्यावा लागतो.

निळी_पेन्सिल
वडिलांना कोण काय बोललं? पद्धत चुकीची होती एवढंच. सहा वर्षांत माझा एकदाही मोडलेला नाही, तुम्ही किती दांडे बदललेत ते सांगा आधी.

चिरफळी
तीन. आणि तिन्ही वेळा दोष माझ्या निवडीचा होता, तंतू तिरके होते. दांड्याच्या टोकाला वलयांच्या रेषा दिसतात, त्या पात्याच्या दिशेने गेलेल्या हव्यात, आडव्या नकोत. तंतूही या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हवेत, मध्येच कुशीतून बाहेर पडले की तिथेच मोडणार. पाण्याचं म्हणाल तर हो, बंद केलंय मी ते. आता दांड्याच्या टोकात पाचर नवी ठोकते आणि जवसाचं तेल चोळते. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात.

रानवाट
आखूड दांडा घ्या, नेम चांगला बसतो, एवढंच सांगायचं होतं.

जुना_खिळा
अजिबात नाही! हे वाचून कुणाचा तरी पाय जाईल. माझ्या मेव्हण्याचा घाव चुकला, आखूड दांड्याची कुऱ्हाड कमानीत फिरून सरळ नडगीवर आली, अकरा टाके. फोडायला दोन्ही हातांचा लांब दांडा, ८० ते ९० सेंटीमीटर, म्हणजे चुकली तरी पुढे मातीत जाते. घाव उतरताना गुडघे वाकवायचे, ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला ठेवायचा.

ओंडका
याला शंभर टक्के अनुमोदन. आणि मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर मारत बसू नका, कडेकडेने फळ्या काढा. आधी वाकून कापलेलं तोंड बघा, मधून कडेकडे केसासारखी बारीक भेग गेलेली असते. तिच्यावर घाव बसला की 'ठण्ण'च्या जागी 'फट्' आवाज येतो आणि ओंडका उघडतो.

जुना_खिळा
भेगेचं मी कधी नाकारलं नव्हतं. नवख्याने सव्वादोन-अडीच किलोपासून सुरुवात करावी हेही चालेल, माझ्या पोस्टमध्ये तेवढी दुरुस्ती करतो. पण माझी ४ किलोची मी सोडणार नाही, गाठीचे बुंधे तिच्याशिवाय फुटत नाहीत.