प्लेस्टेशन २ चालू होताना जे दिसतं ते साठवलेलं कुठं असतं?

परभणीचा_गेमर:
मामाच्या पोरानं त्याचा जुना, जाड प्लेस्टेशन २ मला दिलाय. चालू केला की निळ्या अंधारात ते खांब येतात, नाव येतं अन् मग थेट लाल स्क्रीन. इथं एका दुकानात दाखवला. दुकानदारानं मागचं झाकण काढून रिकामा कप्पा दाखवला, म्हणे हार्ड डिस्क कुणीतरी काढून घेतली, सॉफ्टवेअर उडालं, दोन हजार लागतील. खरंय का?

उदगीर_सोल्डर:
पैसे खिशातच ठेवा भाऊ. तो कप्पा ज्याला हार्ड डिस्क वेगळी घेऊन बसवायची त्याच्यासाठी. बहुतेकांनी कधी घेतलीच नाही. सुरुवातीचा प्रोग्राम मदरबोर्डावरच्या ४ एमबीच्या रॉममध्ये (फक्त वाचायच्या कायमच्या चिपात) असतो, कारखान्यातच भरलेला. तो असा उडत नसतो.
पटत नसेल तर डिस्क अन् मेमरी कार्ड दोन्ही काढून चालू करा. निळा धूर येईल, नाव येईल, खांब तेवढे जातील. कोणता गेम किती वेळा खेळला याची नोंद कार्डावर असते, खांब त्यावरून उभे राहतात.
लाल स्क्रीन म्हणजे डिस्क ओळखली नाही. रॉमच गेली असती तर इथवर मशीन आलीच नसती. डिस्क कसली टाकलीत?

परभणीचा_गेमर:
खांब खरंच गेले की! डिस्क त्याचीच, वर मार्करनं नाव लिहिलेलं.

उदगीर_सोल्डर:
मार्करनं? मग कॉपीच ती. मॉडचिप, म्हणजे कॉपी चालावी म्हणून नंतर बसवलेली चिप, नसेल तर सहसा चालायची नाही. चिप बसवलेली असली तरी बोर्डावर केसासारख्या तारा सोल्डर केलेल्या असतात, एक सुटली की हीच गत. मशीन ज्या रीजनसाठी (जगातल्या ज्या भागात विकायला) बनलीय, त्याच रीजनची ओरिजनल डिस्क कुणाकडून तरी मागून आणा. ती चालली तर मशीन ठणठणीत. तिलाही लाल स्क्रीन आली तर डिस्क वाचणारी लेन्स बघायची.

नांदेड_८बिट:
मग आपल्या लहानपणीच्या कॅसेटवाल्या गेमात रॉम कुठं होती हो?

उदगीर_सोल्डर:
मशिनीत नव्हतीच. प्रोसेसर सुरू झाला की कुठून सुरुवात करायची तो पत्ता कॅसेटीतूनच वाचायचा. म्हणून कॅसेट नीट बसली नाही की टीव्हीवर नुसता कचरा. उलट टोक बघायचं तर मायक्रोसॉफ्टचा २००१चा पहिला एक्सबॉक्स. बाकी प्रोग्राम फ्लॅश चिपात, पण अगदी पहिले ५१२ बाइट साउथब्रिज नावाच्या दुसऱ्याच चिपाच्या पोटात लपवलेले. अमेरिकेत अँड्र्यू हुआंग या हार्डवेअर हॅकरनं २००२मध्ये दोन चिपांमधल्या तारांवरून जाणारा डेटा पकडून तेही बाहेर काढले.