‘फिनलंडीकरण’ म्हणजे मांडलिकत्व का?

प्रश्न : बड्या सत्तेला लागून असलेल्या छोट्या देशांबद्दलच्या लेखांत ‘फिनलंडीकरण’ हा शब्द सारखा भेटतो. भाषांतरात त्याला ‘मांडलिकत्व’ म्हटलं तर चालेल?

उत्तर : नाही चालणार. शीतयुद्धाच्या काळात फिनलंड बलाढ्य सोव्हिएत संघाशेजारी ज्या रीतीने राहिला, त्यावरून हा शब्द पडला. मांडलिक राजा दुसऱ्याचं स्वामित्व उघड मान्य करतो आणि खंडणी भरतो. फिनलंडने सोव्हिएत संघाला दुसऱ्या महायुद्धाची भरपाई दिली खरी, पण ती १९५२ मध्ये फिटली आणि विषय संपला. सोव्हिएत संघाशी झालेल्या १९४८ च्या मैत्री करारानंतरही निवडणुका, खुली बाजारपेठ आणि स्वतःचं सैन्य कायम राहिलं.

बंधन होतं ते वेगळंच. मॉस्कोला काय रुचेल याचा अंदाज घेऊन फिन लोक आपणहून हात आखडता घेत. १९५५ मध्ये फिनलंड नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या देशांच्या, परिषदेत गेला, पण लष्करी प्रश्नांवरच्या आणि महासत्तांच्या भांडणांवरच्या चर्चेत आम्ही नसू, अशी अट स्वतःच घालून. १९७० मध्ये ‘नॉर्डेक’ या नॉर्डिक आर्थिक संघाचा मसुदा तयार असताना त्याने सही नाकारली. तरीही १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाशी मुक्त व्यापाराचा करार पदरात पाडून घेतलाच! शेजाऱ्याला न दुखावता पश्चिमेकडची दारं एकेक करून उघडण्याची ही चिकाटी ‘मांडलिक’ म्हटलं की पार पुसली जाते. मला ते अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : मग ‘तैनाती फौज’? वसईच्या तहासारखं काहीतरी?

उत्तर : तेही नाही. १८०२ च्या त्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची फौज पदरी घेतली, तिचा खर्च उचलला आणि इतर सत्तांशी परस्पर बोलण्याचा हक्क सोडला. हेलसिंकीजवळच्या पोर्कालात सोव्हिएत तळ होता, तो १९५६ मध्ये उठला. त्यानंतर फिनलंडमध्ये परकी फौज नव्हती.

‘मिंधा’ही नको, त्यात उपकाराचं ओझं येतं. मुळात ‘फिनलंडीकरण’ हा शब्द पश्चिम जर्मनीच्या राजकारणातून आला, आपलंही असं होईल हा धाक घालण्यासाठी. फिन लोकांना तो बोचतो, म्हणून अवतरणचिन्हांत ठेवावा. अर्थ सांगायचा तर ‘शेजाऱ्याच्या कलाने चालणं’ किंवा ‘मर्जी सांभाळून राहणं’ नेमकं बसतं. आजच्या फिनलंडला मात्र तो लावू नये. तो देश एप्रिल २०२३ पासून नाटोत आहे.