बेटावरची ई-सायकल: सकाळ की संध्याकाळ?

ताई: मंडळी, शनिवारचं ठरवूया. गाइडसोबत इलेक्ट्रिक सायकलची छोटी फेरी आहे. अडीच तास, साधारण १४ किलोमीटर. थोडा पक्का रस्ता, थोडी माडांमागची पायवाट आणि मधला तुकडा थेट वाळूवरून. सकाळी ७ किंवा दुपारी ४. आज रात्रीपर्यंत कळवायचंय. कोण कोण येतंय?

पिल्लू: मीईईई. ४ वाजता प्लीज, सनसेट!!

वहिनी: मी पण चारलाच. सुट्टीत गजर लावायचा नाही असं ठरलंय माझं.

मामा: माझं नाव घाल. लायसन्स लागेल ना? आणि दोघांत एक गाडी पुरे, मी चालवतो, अक्का मागे बसेल.

दादा: मामा, ती स्कूटर नाही. पॅडल आपणच मारायचं, मोटर फक्त हातभार लावते. युरोपात तर २५० वॉटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, असा नियमच आहे. अमेरिकेत वर्गाप्रमाणे ३२ नाहीतर ४५. या मर्यादेतल्या सायकलीला बऱ्याच ठिकाणी लायसन्स लागत नाही, पण तिथला नियम काय ते ताई गाइडला विचारून घेईल. आणि मागे कुणाला बसवायचं नाही.

मामा: मग भाड्याची कशाला? तुझी पडूनच असते की. विमानात सामानात टाकू.

दादा: बॅटरी चढूच देणार नाहीत. १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. माझी ५०० ची आहे. आणि पडून नसते, रविवारी चालवतो मी.

वहिनी: कुठला रविवार?

आत्या: वेळ ठरवायच्या आधी एक सांगा. त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे?

वहिनी: आत्या, पोहायला नाही चाललोय आपण 😀

आत्या: म्हणूनच विचारतेय. वाळूवर सायकल चालते ती ओल्या, दाबून बसलेल्या पट्ट्यावरून. भरतीला तो पट्टा पाण्याखाली जातो आणि आपल्या वाट्याला येते वरची भुसभुशीत वाळू. तिथे मोटर असून काही उपयोग नाही, चाक रुततंच. आम्ही मागे एका बेटावर वेळ न बघता गेलो होतो. सगळ्या फोटोंत सगळे जण सायकल ढकलताना आहेत. जाड टायरची ई-सायकल ३० किलोच्या आसपास भरते, ती वाळूतून ढकलायची म्हणजे काय ते विचारू नका.

पिल्लू: पण आत्याआजी, ओल्या वाळूत उलट जास्त रुतणार ना?

दादा: किती ओली त्यावर आहे. कणांच्या मधे थोडंसंच पाणी असेल तर पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून राहतात. पार कोरड्या वाळूत ते होत नाही, आणि लाटेच्या तोंडाशी पाणी गच्च भरलेलं असतं तिथेही नाही. म्हणून दोन्हीकडे चाक रुततं.

आत्या: नुसतं बघून कळतं गं. पाण्याच्या कडेची आरशासारखी चकाकणारी वाळू सोडायची, वरची पांढरी सोडायची. मधे एक गडद पट्टा असतो, ओला पण न चकाकणारा. आपला रस्ता तो. चालताना त्यावर पाय दे, पावलाभोवती वाळू क्षणभर एकदम कोरडी पडल्यासारखी दिसते आणि मग पुन्हा ओली होते.

दादा: हो! दाब पडला की कण जरा दूर सरकतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे समजावून सांगितलं होतं.

वहिनी: झालं, आता हा शनिवारी सायकल सोडून पावलं बघत बसणार.

मामा: *(फॉरवर्ड केलेला संदेश)* धक्कादायक!! बेटांवरची पांढरी शुभ्र वाळू म्हणजे चक्क माशांची विष्ठा! सर्वांना पाठवा!

वहिनी: मामा, पाठवायच्या आधी जरा खरं-खोटं बघत जा हो.

पिल्लू: आई, हे खरं आहे 😂 पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो, त्यातला चुना पचत नाही, मग तो बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. सगळी वाळू त्याची नसते, शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे पण असतात. पण प्रवाळ बेटांवर बरीचशी त्याचीच.

मामा: 😎

आई: म्हणजे त्यावर बसायचं नाही.

ताई: गाइडला विचारलं. शनिवारी ओहोटी ८:५० ला आहे, भरती दुपारी ३ च्या सुमाराला.

नाना: रविवारी अमावास्या आहे. म्हणजे शनिवारी उधाणच समजा. भरतीला पाणी नेहमीपेक्षा वर चढणार आणि ओहोटीला नेहमीपेक्षा लांब जाणार. अष्टमीच्या आसपास गेला असतात तर भांग असता, फरक कमी असता. आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते, तेव्हा मागच्या आठवड्याचं कोष्टक बघून कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

आत्या: बघा. नानांना विचारायचं सोडून गाइडला विचारत बसलात.

वहिनी: पण एवढा फरक पडतो का? काही ठिकाणी समुद्र दिवसभर तिथेच दिसतो.

दादा: जागेवर आहे. कॅरिबियनमध्ये बऱ्याच बेटांवर भरती-ओहोटीत मीटरभराचाही फरक नसतो, तिथे हा विचार करायची गरज नाही. तेच ऑस्ट्रेलियात ब्रूमला, तोही उष्ण कटिबंधच, उधाणाला हा फरक १० मीटरच्या जवळ जातो.

ताई: आपल्या बेटावर दीड-दोन मीटर, असं गाइड म्हणाला. पण किनाऱ्याला उतार फार कमी आहे, त्यामुळे ओहोटीला पट्टा चांगलाच रुंद होतो. चारला गेलो तर वाळूचा तुकडा गाळून सगळं पायवाटेनेच नेईन म्हणतो.

पिल्लू: मग बीच कुठेय त्यात 😭

दादा: शिवाय दुपारी वारा. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारभर वाढत जातो. सकाळी तो पडलेला असतो. सपाट किनाऱ्यावर चढ नसतो, दमवतो तो वाराच. आणि सनसेटचं म्हणाल तर विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे तिन्हीसांजा अशा नसतातच फारशा. मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. सूर्यास्त सव्वासहाला, फेरी संपणार साडेसहाला. कुणाची चेन उतरली किंवा मामांनी फोटोला वेळ लावला की परतीची पायवाट अंधारात.

मामा: फोटोला मी एकटाच वेळ लावतो का?

आई: हो.

वहिनी: म्हणजे सात. सातला तिथे म्हणजे सहाला उठायचं. ही सुट्टी कुणाची आहे नक्की?

ताई: सनसेट किनाऱ्यावर बसून बघू, त्याला सायकल कशाला? सकाळ पक्की करू?

पिल्लू: ओके 😐

मामा: पक्की. दाजी, तुमचं काय?

नाना: तुम्ही जाऊन या. माझा गुडघा, आणि सायकल सोडून जमाना झाला. मी पुस्तक घेऊन बसतो.

आत्या: गुडघ्यासाठीच तर ती मोटर आहे, नाना. चढाला, वाऱ्याला जो जोर लागतो तो ती घेते. आपण पाय नुसते फिरवत राहायचे.

नाना: पाय फिरवायची भीती नाही. निघताना आणि थांबताना काय होतं ती भीती आहे.

आत्या: हे मात्र बरोबर बोललास. आमच्या वेळी जे कोणी पडले ते सगळे उभ्या जागी पडले, चालत्या सायकलवरून एकही नाही. ऐक, काय होतं ते सांगते. आपल्याला सवय असते सायकलवर बसून एक पाय पॅडलवर टेकवून उभं राहायची, गप्पा मारायची. इथे मोटर चालू असताना तसं करायचं नाही. काही सायकलींना पॅडल जरा फिरलं एवढंच कळतं, तुम्ही किती जोर दिला ते नाही. पायाचा भार पडून पॅडल अर्धा वेढा फिरलं की सायकल धाडकन पुढे जाते. मग माणूस घाबरतो, हँडल घट्ट आवळतो, आणि मुठीजवळ अंगठ्याने वेग वाढवायचं थ्रॉटल असेल तर तेही दाबलं जातं.

दादा: आत्या म्हणते तो कॅडन्स सेन्सर. टॉर्क सेन्सर असेल तर जेवढा जोर द्याल त्या प्रमाणात मोटर साथ देते, झटका बसत नाही. ताई, कुठला आहे ते विचार. नानांसाठी टॉर्कवाली मिळाली तर उत्तम.

आत्या: आणि उभं असताना ब्रेक दाबून धरायचे. बऱ्याच सायकलींना ब्रेक दाबला की मोटर बंद करणारी कळ असते. मदतीचे टप्पे असतात, १ ते ५ वगैरे, निघताना १ वर. गिअर हलका करूनच थांबायचं, म्हणजे पुन्हा निघताना झटापट नको. दांडा खाली असलेली फ्रेम माग, पाय वरून टाकावा लागत नाही. आणि सीट एवढी खाली घ्यायची की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. गुडघ्याला उंच सीट बरी असते, पण पहिल्या फेरीला पाय टेकणं महत्त्वाचं.

नाना: आणि वाळूत?

आत्या: वाळूत सायकल हातात थोडी वळवळते. तिला वळवळू द्यायची. हँडल आवळून सरळ करायला गेलास की आडवा. नजर पुढच्या चाकावर नको, लांब ठेवायची. पुढचा ब्रेक कचकन दाबायचा नाही. थांबायचं असेल तर पाय थांबव, वाळू आपोआप थांबवते.

दादा: टायरमध्ये हवाही कमी ठेवतात. जाड टायर रस्त्यावर १५-२० पीएसआयवर चालतो, वाळूवर ८ च्या आसपास. तो पसरतो आणि कमी रुततो. ते गाइड बघेल, आपण हात लावायचा नाही.

नाना: मी पक्क्या रस्त्यापर्यंत येतो. पुढचं पुढे.

आई: मी वाळूत पण जाणार आहे.

नाना: तू??

आई: कॉलेजला सायकलनेच जात होते. तुम्हाला माहितीये.

ताई: विचारलं. टॉर्क सेन्सर, खाली दांडा, दोन्ही आहे. निघायच्या आधी मोकळ्या जागेत पंधरा मिनिटं सराव करून घेतात. एक गाइड पुढे आणि एक सगळ्यात मागे. नाना पहिल्या थांब्यावर सावलीत बसले तरी चालेल, परत येताना सोबत घेऊ. लायसन्स नको. विम्याचं मात्र आपणच बघायचं, काही प्रवास विम्यांत मोटर असलेली सायकल धरत नाहीत.

दादा: पॉलिसी मी वाचतो.

पिल्लू: मला लाटेतून सायकल नेतानाचा रील करायचाय. पाणी उडतं ना दोन्हीकडून 😍

दादा: अजिबात नाही. ती पावसाच्या शिंतोड्यांसाठी बंद केलेली असते, खाऱ्या पाण्यात बुडवायला नाही. हबच्या बेअरिंगमध्ये, कनेक्टरमध्ये मीठ गेलं की गंज आतून धरतो. बॅटरीत गेलं तर त्याहून वाईट. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी नंतर कोरड्या जागी पेट घेतला होता.

पिल्लू: एक छोटीशी लाट?

वहिनी: नाही. आणि डिपॉझिट तुझ्या पॉकेटमनीतून जाईल.

आत्या: लाटेच्या बाहेरून ने आणि कॅमेरा खाली धर, तसंच दिसतं.

ताई: अजून एक. वाळूच्या तुकड्यातला थोडा किनारा दोरी लावून बंद केलाय, कासवांची अंडी आहेत. तिथे आपण माडांमागून जाणार.

वहिनी: सायकलने काय होतं? अंडी तर खोल पुरलेली असतात.

ताई: मी पण तेच विचारलं. घरटी भरतीच्या रेषेच्या वर असतात, तिथून पिल्लं समुद्राकडे निघतात. टायरच्या चाकोरीत पडली की त्यांना बाहेर चढता येत नाही, चाकोरीतूनच सरळ जात राहतात. दमतात, नाहीतर पक्षी उचलतात. म्हणून बाकीच्या ठिकाणीही भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाची ओळ दिसेल, तिच्या खालूनच चालवायची.

मामा: आमचं पिल्लू तर मोबाइलमध्येच अडकलंय.

पिल्लू: मामाआजोबा 🙄

वहिनी: कपडे काय घालायचे?

आत्या: पायघोळ सैल काही नको, चेनमध्ये जातं. पूर्ण बाह्या घाल, सकाळच्या गारव्यात ऊन जाणवत नाही आणि दुपारी हाताला हात लावता येत नाही. पुढून बंद चपला. पाणी प्रत्येकाने आपलं न्यायचं, मदत मिळते म्हणून घाम येत नाही असं काही नसतं. आणि थांब्यावर सायकल माडाखाली लावू नका, आपणही बसू नका. नारळ सांगून पडत नाही.

नाना: मग मी पहिल्या थांब्यावर सावलीत बसायचं ते कुठल्या झाडाच्या?

ताई: 😂 तिथे छप्पर आहे नाना. बरं, हेल्मेटचे साइज कळवायचेत. सगळ्यांनी डोक्याचा घेर मोजून सेंटिमीटरमध्ये पाठवा.

मामा: कुठून मोजायचा?

ताई: भुवयांच्या बोटभर वरून, मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर आहे तिथून. मोजायची टेप नसेल तर दोरा गुंडाळून पट्टीवर मोजा.

आई: माझा ५४. ह्यांचा ५८, मोजताना हलत होते, परत मोजून सांगते.