थोडक्यात वाचलो! पण त्यात आपला वाटा किती?

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे एक तरी ‘थोडक्यात वाचलो’ची गोष्ट असते. चारचौघांत सांगताना आपण कसं शिताफीने स्टेअरिंग फिरवलं, कसा ऐन वेळी ब्रेक मारला, हे रंगवून सांगतो. माझीही एक आहे आणि गेली नऊ वर्षं मी ती खोटी सांगत आलोय. आज खरी सांगतो.

रात्रीचे साडेतीन. रस्ता रिकामा, काटा शंभरच्या आसपास, बायको आणि दोन्ही मुलं गाढ झोपलेली. एकदम चाकांखालून घर्रर्र आवाज आला. रस्त्याच्या कडेला खडबडीत पट्ट्या आखलेल्या असतात ना, त्यांच्यावर गाडी गेली होती. दचकून पाहिलं तर कठडा हातभर अंतरावर. गाडी सावरली, पुढे जाऊन बाजूला घेतली आणि हातापायांचा थरकाप थांबेपर्यंत बसून राहिलो. बायकोला जाग आली. तिला म्हणालो, “कुत्रं आडवं आलं होतं.” पुढे सगळ्यांना तेच सांगितलं. नंतर नंतर तर त्या कुत्र्याला रंगही दिला, काळा-पांढरा.

कुत्रं नव्हतंच. माझा डोळा लागला होता. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी धरली तरी शंभर मीटरहून जास्त अंतर ती गाडी कुणीच चालवत नव्हतं. आणि हे काही अचानक झालं नाही. त्याआधी तासभर मी काच खाली करत होतो, गाणी मोठ्याने लावत होतो, मांडीला चिमटे काढत होतो. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे सरले ते आठवत नव्हतं. शरीर कानीकपाळी ओरडत होतं आणि मी आपला “आता चाळीसच किलोमीटर राहिलेत” म्हणून रेटत होतो. आता जांभया सुरू झाल्या की गाडी बाजूला लावून वीस मिनिटं सरळ झोपतो. घरचे वैतागतात. वैतागू देत.

तर लिहा तुमचे अनुभव. अट एकच: समोरच्याच्या चुकांचं पुराण नको, आपला वाटा किती होता ते लिहा. दुचाकी, चारचाकी, अवजड गाडी, काहीही चालेल. चालवत नसाल, नुसते शेजारी बसला असाल तरीही.

*

माझं संकट एक लिटरचं होतं. पाण्याची बाटली. शेजारच्या सीटवर टाकली होती, वळणावर घरंगळून खाली गेली. पुढे सिग्नल लाल झाला, गाड्या थांबल्या, मी ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल खाली जाईचना! खाली बघायचा मोह झाला, पण बघायला वेळच नव्हता. दुसरा गियर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला. पुढच्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबले. एकदम खेचला असता तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी झाली असती, हे मला तेव्हा माहीत होतं असं म्हणायला आवडेल. खरं म्हणजे भीतीने हातात जोरच उरला नव्हता.

तेव्हापासून ड्रायव्हरच्या पायाशी काही म्हणजे काही नाही. बाटली नाही, पर्स नाही, काढून ठेवलेल्या चपला तर मुळीच नाहीत. पायाखालचं मॅटही हुकात अडकवलेलं आहे का ते बघते, कारण ते पुढे सरकून अ‍ॅक्सिलरेटरवर चढू शकतं.

*

घाट उतरताना इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडायची, पेट्रोल वाचतं, हे मला मामाने शिकवलं. त्याला कुणी शिकवलं देव जाणे. दोन-तीन वेळा जमलं, त्यामुळे छाती फुगली होती.

चौथ्या वेळी उतार लांबलचक निघाला. पहिली दोन वळणं ब्रेक नेहमीसारखा लागला. तिसऱ्याला पेडल दगडासारखं घट्ट. ब्रेक हलका वाटतो तो मागे व्हॅक्यूमचा जोर असतो म्हणून, आणि तो व्हॅक्यूम इंजिन चालू असलं तरच भरतो. बंद इंजिनावर एक-दोनदा दाबेपर्यंत शिल्लक पुरते, मग सगळा भार आपल्या पायावर. स्टेअरिंगही जड झालेलं. नशीब की किल्ली काढून घेतली नव्हती, नाहीतर स्टेअरिंग लॉक होऊन बसलं असतं. सीटवरून जवळजवळ उठून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाल्यावर तिसरा, मग दुसरा गियर. गाडी कण्हत कण्हत आवाक्यात आली. थांबलो तेव्हा चाकांतून जळका वास येत होता.

गॅरेजवाल्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “साहेब, किती पेट्रोल वाचलं?” मग त्यानेच सांगितलं की आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळपास बंदच होतं. म्हणजे न्यूट्रलवर वाचत काहीच नव्हतं. ज्या गियरमध्ये घाट चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत. मामाला अजून पटत नाही.

*

थोडक्यात सांगतो. गाडी लावली, आरशात न बघता दार उघडलं, मागून सायकलवर शाळेतली मुलगी. ती वळवता वळवता पडली, गुडघा फुटला, बाकी काही नाही. त्याच वेळी मागून मोठी गाडी असती तर? हा विचार अजून रात्री येतो. आता दार लांबच्या हाताने उघडतो. त्यामुळे खांदा वळतो आणि मागे आपोआप नजर जाते.

*

मी ट्रक चालवतो, बावीस वर्षं झाली. लिहायची सवय नाही, मुलगा टाइप करतोय.

भरलेली गाडी कारसारखी जागच्या जागी थांबत नाही. म्हणून मी पुढे अंतर सोडतो. ते अंतर बघून कारवाल्यांना वाटतं, जागा रिकामी आहे, घुसा. घुसतात आणि वर ब्रेक मारतात. मी सोडलेली जागा माझ्या ब्रेकची होती हो, तुमची नव्हती.

पण अट आहे म्हणून माझी चूक सांगतो. एकदा डावीकडे वळायचं होतं. इंडिकेटर दिला, आरसा बघितला, वळवायला लागलो. क्लीनर ओरडला म्हणून थांबलो. पुढच्या चाकाशेजारी स्कूटरवाला पोरगा उभा होता. मला आरशात दिसलाच नव्हता. आमच्या केबिनच्या क्लीनरकडच्या बाजूला खाली एक आख्खी गाडी लपेल एवढी जागा दिसत नाही. त्या दिवशी क्लीनर गाडीत नसता तर मी इथे काही सांगत बसलो नसतो. दुचाकीवाल्यांनो, ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. पुढे निघून जा नाहीतर मागे राहा, शेजारी थांबू नका.

*

वरचा अनुभव वाचून पोटात गोळा आला. कॉलेजला असताना मी रोज तसाच ट्रकच्या चाकाशी जाऊन उभा राहायचो, कारण तिथे सावली असायची.

*

मला ती अट मान्य नाही. सगळीकडे आपला वाटा कुठून आणायचा? माझ्यासमोर वळणावर ओव्हरटेक करत एक गाडी थेट अंगावर आली. मी माझ्या लेनमध्ये, वेग बेताचा, दिवे चालू. दोघांच्या मधून जेमतेम कागद गेला असता. यात माझी काय चूक? उगाच स्वतःला दोषी धरण्यात शहाणपण नाही. काही लोक बेदरकारच असतात.

*

(सुरुवात करणारा मीच.) बरोबर आहे, अट जरा आखडून घेतो. पण एक विचारतो, राग नको: वेग बेताचा होता असं तुम्हीच लिहिलंय. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. तुम्ही बेताने नसता, तर तो कागद मध्ये मावला असता का? हाही वाटाच की, चांगल्या बाजूचा.

*

हो, हे कबूल.

*

पाऊस. टायर गुळगुळीत झालेत हे माहीत होतं, “पुढच्या महिन्यात बदलू” चाललं होतं. रस्त्यावर पाण्याचा पातळ थर, वेग ऐंशी. एका क्षणी स्टेअरिंग एकदम हलकं झालं, जणू कुणी खालून गाडी उचलून धरलीय. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. खाचाच उरल्या नसतील तर टायर पाण्यावर तरंगतो आणि मग ब्रेक, स्टेअरिंग सगळं नावापुरतं. मी काय केलं? घाबरून गोठलो, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप निघाला. नेमकं तेच करायचं असतं, हे नंतर कळलं. ब्रेक हाणला असता किंवा स्टेअरिंग फिरवलं असतं तर टायरने रस्ता पुन्हा धरला त्या क्षणी गाडी फेकली गेली असती.

खाचांच्या तळाशी मधूनमधून छोटे उंचवटे असतात, बहुधा १.६ मिलिमीटरचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीखही असते, आधी आठवडा, मग वर्ष: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. माझ्या स्टेपनीची तारीख बघितली तर ती माझ्या मुलीपेक्षा मोठी निघाली.

*

मी चालवत नाही, शेजारी बसते. नवरा चालवता चालवता फोनवर मेसेज बघत होता. मला दिसत होतं. बोलले की चिडतो, म्हणून गप्प बसले. मांडीवर दीड वर्षाचा मुलगा. पुढची गाडी थांबली, यांनी करकचून ब्रेक दाबला, टक्कर झाली नाही, पण मूल माझ्या हातांतून सुटून डॅशबोर्डवर गेलं. कपाळाला टेंगूळ आलं, बस्स. मला वाटायचं, आईची मिठी घट्ट असते. ताशी पन्नासच्या टकरीत दहा किलोचं मूल शंभर किलोहून जास्त जोराने पुढे ओढलं जातं, ते कुठल्याच हातांना धरवत नाही. आता त्याची वेगळी सीट आहे, मागे, पट्ट्याने बांधलेली. फोन माझ्या पर्समध्ये असतो. आणि मी बोलते. चिडले तर चिडले.

*

माझा अनुभव वडिलांचा आहे. पंचेचाळीस वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही. गेल्या वर्षी संध्याकाळी मी शेजारी बसलो होतो. रस्ता ओलांडणारे एक आजोबा, करड्या कपड्यांतले, चांगले रस्त्याच्या मध्यावर आलेले. बाबांचा पाय हलेना. मी ओरडलो तेव्हा ब्रेक लागला. आजोबांनी बॉनेटवर हात टेकवला, आमच्याकडे पाहिलं आणि निघून गेले. “दिसले होते मला,” बाबा म्हणाले. मीही काही बोललो नाही. चूक विचाराल तर ती ही. कारण त्याआधी दोन-तीन महिने ते म्हणत होते की समोरच्या गाड्यांचे दिवे फार फुटतात, डोळ्यांवर येतात. मी म्हणायचो, लोक अप्परवरच चालवतात हल्ली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली, नजर सुधारली, डॉक्टरांनी चालवायला परवानगीही दिली. पण किल्ली त्यांनी स्वतःहून माझ्यासमोर ठेवली आणि पेपर उघडला. आता ते शेजारी बसतात. पुढे कुणी आडवं आलं की त्यांचा उजवा पाय रिकाम्या फरशीवर दाबला जातो. बहुतेक वेळा माझ्याआधी.